नारोबा कासारास मैदानाबाहेर बसविल्याची हकीकत

श्रीमैदानदेवता प्रसन्न. तिची कृपा कोणावर किती वेळ टिकेल हें ती कोणास सांगत नाहीं, आणि विचारणाऱ्यास तर मुळींच सांगत नाहीं, इतकें प्रारंभीं नमूद करून बोरू उचलितों. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, माघ मासीं, शुद्ध पक्षीं, नदीकाठचे राज्यांत कबड्डीचे अंतिम सामन्याची मोहीम उभी राहिली. ते समयीं थोरामोठ्यांनीं काय मसलती केल्या, कोणते शकुन पाळिले, आणि त्या शकुनांपायीं नारोबा कासार नामें एका बापावर काय गुदरलें, तें जसें घडलें तसें लिहितों. राज्याचें नांव सांगत नाहीं. वाचणारास आपल्याच गांवचें वाटलें तर त्यानें खुशाल तेंच समजावें.

राज्यास महाराज होते. क्रीडा मंडळाचे तहहयात अध्यक्ष म्हणोन लोक त्यांस महाराज म्हणत, आणि त्यांसही तें आवडे. शरीरानें भरदार, मनानें मोकळे, आणि मागील पराभव विसरण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचे पदरीं भिवाजीपंत सबनीस हे कारभारी. संघाचें व्यवस्थापन पंतांकडे, आणि शुभ काय, अशुभ काय, याचा निवाडाही पंतांकडेच. फौज मुलींची. तिची सरदार मंजुळा, नारोबा कासाराची एकुलती लेक. ही चढाईस निघाली म्हणजे समोरच्या मुली एकमेकींचे हात घट्ट धरीत, आणि तरी एखाददुसरी बाद होऊन बाहेर बसेच. नारोबा गांवोगांव बायकांस बांगड्या भरीत हिंडे, आणि त्याचे लेकीचें मनगट मात्र मोकळें, कां कीं बांगडी घालून कबड्डी खेळतां येत नाहीं. त्यावरून बायका त्यास छेडीत आणि मग तो म्हणे, "तिच्या हाताला काकणं कशाला? जाताना मोकळी जाती, येताना दोघी-तिघींना बाद करून येती." तरुणपणीं तो स्वतः खेळे. गुडघा गेला आणि त्याचा खेळ गेला, मग त्यानें अंगणांत चुलीच्या राखेची रेघ ओढून लेकीस चढाई शिकविली. आपण पकड करी, आणि ती निसटून रेघेस हात लावी. बहुतेक प्रत्येक सामन्यास तो मैदानाचे कडेला चिंचेखालीं उभा राही, आणि चढाईस जाण्यापूर्वीं ती एकवार चिंचेकडे पाही. सांप्रत तिची पोलिसांत भरती जाहली होती. अंतिम सामन्याचे दुसरे दिवशीं तिनें दूर प्रशिक्षणास जावयाचें, सबब राज्यासाठीं हा तिचा अखेरचा सामना. जिंकणारास मिळावयाच्या ढालीची नारोबास फारशी मातब्बरी नव्हती. लेकीचा शेवटचा खेळ डोळ्यांनीं पाहावा, इतकीच त्याची इच्छा होती.

उपांत्य सामना जिंकिला आणि राज्याचे अंगांत वारें शिरलें. अंतिम सामना घाटाखालचे राज्याशीं, आणि तोही आपल्याच मैदानावर, तेव्हां तो खेळण्यापूर्वींच जिंकिला ऐसें महाराजांनीं जाहीर केलें आणि कोणीही हरकत घेतली नाहीं. मग विजयाचा फलक रंगवून वेशीवर चढविला, आणि वाजंत्रीवाल्यांस सांगून ठेविलें, आणि पेढे आदले दिवशींच वळून घेतले, आणि मंडळाचे कचेरींत ढाल ठेवावयास भिंत फोडून कोनाडा काढावयाचें ठरलें. गवंडी म्हणाला, "ढाल केवढी हाय, ते कळलं तर बरं हुईल." ढाल कोणी पाहिली नव्हती. मग महाराजांनीं दोन्ही हात पसरून दाखविले, आणि पंतांनीं त्यांत थोडी भर घातली, आणि गवंड्यानें तेवढा कोनाडा काढून वर महिरपही काढली. पुढें एकानें खबर आणिली कीं घाटाखालच्या मुली पहांटे उठोन सराव करितात. त्यावर कचेरींत मोठा हशा जाहला. पंत म्हणाले, "झोप लागत नसेल भीतीनं." आपल्या मुली तेव्हां काय करीत होत्या? त्यांचे सत्कार चालले होते. रोज एका आळींत ओवाळणें, रोज एका घरीं जेवण, आणि सराव दोन दिवस मागें पडला तो पडलाच. मंजुळा महाराजांकडे जाऊन म्हणाली, "आमाला खेळू द्या की जरा." महाराजांनीं तिच्या डोक्यावर हात ठेविला आणि म्हणाले, "पोरी, आता खेळायचं राहिलंय काय त्यात?"

येथें एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. ज्यास जिंकण्याची इतकी खात्री, त्यानें निश्चिंत निजावें. परंतु राज्याची रीत उलटी. खात्री जसजशी वाढे तसतसें भय वाढे, आणि भय बोलून दाखवितां येत नाहीं म्हणोन शकुन वाढत. उपांत्य सामन्याचे दिवशीं जें जें जसें होतें, तें तें तसेंच राहावें, ऐसा पंतांचा हुकूम सुटला. महाराजांनीं त्या दिवशींचा अंगावरचा सदरा धुतला नव्हता. त्याचा वास कचेरींत शिरण्यापूर्वींच बाहेर कळे आणि दरबारी मंडळी नाकास रुमाल लावून म्हणत, "विजयाचा सुगंध!" विजयाचा गुण मिळाला तेव्हां अंबूबाई परटीण भजीं तळीत होती, सबब तिनें अंतिम सामन्यांतही तेवढ्या वेळीं भजींच तळावीं, खाणारा असो वा नसो. एक गृहस्थ त्या क्षणीं शौचालयांत होते. त्यांनीं फार विनवण्या केल्या, परंतु त्यांचीही जागा मुक्रर जाहली. लोक हंसत, आणि हंसत हंसत पाळीत. मीं कित्येकांस पुसिलें कीं तुमचा यावर विश्वास आहे काय, तेव्हां प्रत्येक जण म्हणाला कीं माझा नाहीं, पण बाकीच्यांचा आहे ना!

मग शुभ सर्व जमा जाहलें, आणि अशुभ कोणतें याचा शोध सुरू जाहला. तेव्हां पंतांस आठवलें कीं दोन सालांमागें अंतिम सामना हरलों, त्या दिवशीं नारोबा चिंचेखालीं ऐन शेवटचे चढाईस शिंकला होता. गेल्या सालीं हरलों, त्या दिवशीं गर्दींत त्याची टोपली कलंडून नव्या बांगड्यांचा चुरा जाहला होता, आणि मैदानाचे कडेला काकणें फुटणें याहून वाईट लक्षण तें कोणतें? आणि यंदा उपांत्य सामन्यास तो एका नवरीस चुडा भरावयास परगांवीं गेला होता, तर जिंकलों. तीन गोष्टी तीन बाजूंनीं एकच सांगत होत्या. ज्या कित्येक सामन्यांस तो त्याच चिंचेखालीं उभा होता आणि आपण जिंकलों, ते कोणास आठवले नाहींत. जिंकिलेल्या दिवशीं चिंचेकडे पाहातो कोण?

नारोबास कचेरीवर बोलाविलें. तो टोपली बाहेर ठेवून आंत आला आणि नव्या कोनाड्याखालीं उभा राहिला. पंत म्हणाले, "नारोबा, आमचं तुमच्याशी वैर नाही. पण उद्या तुम्ही मैदानाकडे फिरकू नका." नारोबास प्रथम थट्टा वाटली. मग त्यानें सर्वांची तोंडें पाहिलीं आणि तो म्हणाला, "पंत, म्या चिंचंच्या मागं उभा ऱ्हातो. तोंडबी दाखवत न्हाई कुणाला." पंत म्हणाले, "तोंड दाखवायचा प्रश्न नाही. तुम्ही बघायचंच नाही." तो म्हणाला, "पोरीचा शेवटचा खेळ हाय वं." यावर पंतांनीं मान खालीं घातली, कां कीं ते दुष्ट नव्हते, हें लिहिलें पाहिजे. मग महाराज उठले आणि नारोबाचे खांद्यावर हात ठेवून फार मायेनें बोलले, "लेकीसाठीच म्हणतोय आम्ही. ती हरावी असं वाटतं का तुला?" हा घाव वर्मीं बसला. कां कीं नारोबाचे मनांतही ती शिंक आणि त्या फुटक्या बांगड्या कधींपासून सलत होत्या, आणि सर्वांनीं मिळून सांगितलें तेव्हां त्यास वाटलें कीं इतकीं माणसें एकदम कशीं चुकतील? तो म्हणाला, "न्हाई येत मी. पर तिला सांगू नगा. तिचं मन खेळात ऱ्हानार न्हाई." घरीं येऊन त्यानें लेकीस सांगितलें कीं गुडघा फार धरला आहे, उभें राहावत नाहीं. तिनें तेल आणून गुडघा चोळला आणि म्हणाली, "सकाळपातूर उतरंल. मी चिंचंकडं बघनार हाय, आबा." त्यानें मान हलविली. आणखी एक खोटें त्याचे जिभेवर येईना.

सामन्याचा दिवस उगवला. मैदान माणसांनीं फुलून गेलें, आणि ज्याची जी जागा नेमिली होती तेथें तो बसला, आणि महाराज सदऱ्यानिशीं खुर्चीवर विराजमान जाहले, आणि त्यांचे दोहों बाजूंच्या खुर्च्या कोणी घेईना. अंबूबाईनें कढई चढविली. नारोबा त्या वेळीं नदीचे पैल कांठास एका खडकावर, मैदानाकडे पाठ करून, टोपली पुढ्यांत घेऊन बसला होता. दोन्ही कानांत त्यानें बोटें घातलीं होतीं. हें त्यानें मागाहून सांगितलें, आणि तें खोटें असण्याचें कारण नाहीं, कां कीं पाहिलें असतें तर तें त्याचे तोंडावर दिसलें असतें.

मंजुळानें पहिल्या चढाईपूर्वीं चिंचेकडे पाहिलें. तेथें कोणी नव्हतें. दुसऱ्या वेळीं पाहिलें, तेव्हांही नव्हतें. मग तिनें पाहणें सोडिलें आणि खेळूं लागली. घाटाखालच्या मुली पहांटे उठोन काय करीत होत्या तें आतां सर्वांस दिसलें. पकडी अशा मजबूत कीं आपल्या चढाया मधल्या रेघेपर्यंत परतेनात. त्यांत आपली उजवे कोपऱ्याची रेवती, तिचा पाय मुरगळला आणि घोटा सुजूं लागला. मध्यंतरांत मंजुळा पंतांकडे धांवत आली आणि म्हणाली, "काका, रेवतीला बाहेर घ्या. शालनला आत घाला. शालन ताजी हाय." शालन राखीव खेळाडू, बुटांच्या नाड्या बांधून तयारच बसली होती. पंतांनीं विचार केला. उपांत्य सामन्यांत एकही मुलगी बदलिली नव्हती, आणि राज्य जिंकिलें होतें. ते म्हणाले, "जे जुळलंय ते हलवायचं नाही." मंजुळा म्हणाली, "काका, तिला उभं ऱ्हाता येत न्हाई." पंत म्हणाले, "सात त्याच राहतील." रेवती लंगडत पुन्हां आंत गेली आणि शालन नाड्या सोडूं लागली.

सामना संपत आला तेव्हां राज्य तीन गुणांनीं मागें होतें. मंजुळा चढाईस निघाली. समोर चौघी. तिनें दम धरिला आणि आंत शिरली, आणि डाव्या कोपऱ्यास हात लाविला, आणि वळतां वळतां मधलीस पायाचें बोट लाविलें, तोंच तिसरीनें तिचा घोटा धरिला आणि ती पालथी पडली. सर्वांस वाटलें, गेली. परंतु दम सुटला नव्हता. घोटा धरणारीस तशीच ओढीत ओढीत ती मातींतून सरकली आणि मधल्या रेघेस तिचीं बोटें लागलीं. तिघी बाद. गुण बरोबर. ऐसा गलका जाहला कीं नदीवरचे बगळे उडाले. पैल कांठास नारोबाचे कानांतल्या बोटांतून तो आंत शिरला. त्याचें अंग आपोआप उभें राहिलें. तोंड फिरविलें असतें तर निदान उडणारी धूळ तरी दिसली असती. मग त्याचे मनांत आलें कीं आपण पाहात नाहीं म्हणूनच हें होत आहे, आणि तो पुन्हां तसाच खडकावर बसला आणि डोळेही मिटून घेतले. बाप काय काय करूं शकतो हें मीं पुष्कळ ऐकिलें आहे, परंतु न पाहण्याचें एवढें मोठें काम कोणी केलेलें ऐकिलें नाहीं.

शेवटची चढाई घाटाखालच्यांची. त्यांची मुलगी आली आणि कोठेंही न रमतां थेट उजव्या कोपऱ्यावर गेली. तिला तो सुजलेला घोटा अर्ध्या सामन्यापासून दिसत होता. रेवतीनें मागें सरावयाचा यत्न केला, पाय उचलेना, आणि तिच्या खांद्यास हात लावून ती मुलगी हंसत परत गेली. शिट्टी वाजली. राज्य एका गुणानें हरलें. अंबूबाईचीं भजीं तशींच कढईंत करपलीं, आणि वाजंत्रीवाले वाद्यें घेऊन कोणास कांहीं न विचारतां निघून गेले.

मग कचेरींत सभा बसली. कोनाड्याखालीं पेढ्यांच्या पेट्या रचिलेल्या, आणि हरण्याचें कारण काय याचा शोध चालला. कोणी म्हणाला सदऱ्यावर अत्तर शिंपडिलें, तेथेंच बिघडलें. कोणी म्हणाला शौचालयांतले गृहस्थ लौकर बाहेर आले. ते शपथेवर सांगूं लागले कीं आपण शिट्टी होईपर्यंत आंतच होतों. रेवतीचा पाय कोणाचे तोंडीं नव्हता. अखेरीस पंत म्हणाले, "नारोबाला बोलवा." नारोबा आला. पंतांनीं पुसिलें, "तुम्ही बघितलंत?" तो म्हणाला, "न्हाई जी. नदीपल्याड हुतो. पाठ करून हुतो." पंतांनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग मनात आणलं असेल." नारोबा म्हणाला, "व्हय जी. एकदा मोठा आवाज आला, तवा आलं मनात. पोरगी दिसली डोळ्याम्होरं." सभेनें सुटकेचा श्वास सोडिला. कारण सांपडलें होतें, आणि तें आपणांपैकीं कोणाकडे नव्हतें.

मंजुळा दारांत उभी होती. अंगावरची माती तशीच, कोपर सोललेलें. ती म्हणाली, "आबा, तुमचा गुडघा दुखत हुता ना?" तिनें पंतांकडे पाहिलें आणि पंतांनीं कोनाड्याकडे पाहिलें, तेव्हां तिला सर्व उमगलें. ती म्हणाली, "काका, शालन भाईर बसली हुती, माझा बा भाईर बसला हुता. आणि जिला उभं ऱ्हाता येत नव्हतं तिला तेवढं आत ठेवलंत. आता कुनामुळं हरलो ते यास्नी इचारताय व्हय?" पंतांचा चेहरा उतरला. महाराज उठले, कोणाकडे न पाहतां म्हणाले, "ते पेढे वाटून टाका, आंबतील," आणि सभा उठली. बापलेक घरीं आलीं. वाटेंत तिनें एकदांच विचारिलें, "माझी ती चढाई बघितलीच न्हाई तुमी?" तो म्हणाला, "न्हाई." आणि तो चालतां चालतां रडूं लागला.

दुसरे दिवशीं सकाळीं तिची बस. बांधाबांध जाहली होती आणि आई घाई करीत होती. तेव्हां मंजुळानें चुलींतली राख मुठींत घेतली आणि अंगणांत रेघ ओढली. बापास म्हणाली, "आबा, हितं उभं ऱ्हावा. तुमी त्यांची तिसरी. आई, तू डावा कोपरा." आई म्हणाली, "येडी झालीस का? बस चुकंल." परंतु केरसुणी हातांत घेऊन उभी राहिली. मधलीचे जागीं बांगड्यांची टोपली ठेविली. मंजुळानें पायांतल्या चपला काढल्या, एकवार बापाकडे पाहिलें, आणि दम धरिला. आईस हात लाविला, टोपलीस अंगठा लाविला, तेव्हां आंत बांगड्या किणकिणल्या, आणि नारोबानें खालीं बसून तिचा घोटा धरिला. त्यानें खोटा धरिला नाहीं. त्यास पकड येत होती, ती त्यानें पुरी केली, दुखत्या गुडघ्यानिशीं केली. ती पालथी पडली, आणि कबड्डी कबड्डी म्हणत, बापास ओढीत ओढीत, मातींतून सरकत गेली, आणि तिचीं बोटें राखेंत रुतलीं. "अशी," ती धापा टाकीत म्हणाली, "अशी केली." नारोबा उठला. बाद झालेल्यानें बाहेर जावयाचें, ही सवय त्याचे हाडींमाशीं. तो धूळ झटकीत कडेला गेला आणि पायरीवर जाऊन बसला. तेव्हां मंजुळा तशीच मातींत बसलेली म्हणाली, "आबा, आत या. आज भाईर बसायचं न्हाई." मग तो आंत आला. त्यास जें वाटलें तें लिहावयास या बोरूस बळ नाहीं. बस चुकली, दुसरी मिळाली.

एवंच, पुढील सालीं राज्यानें ढाल जिंकिली. ती फारच लहान निघाली, आणि कोनाड्यांत एका अंगास कलते. त्या सामन्यास नारोबानें यावें, तो येईल तर शुभ होईल, ऐसें पंतांनीं स्वतः त्याचे दारीं जाऊन सांगितलें. नारोबा म्हणाला, "माझी पोर खेळत न्हाई आता. म्या काय बघू?" आणि टोपली उचलून बाजारास गेला. राज्यानें गमाविलें होतें तें राज्यास एका वर्षांत परत मिळालें. नारोबाचें जें गेलें त्यापैकीं अंगणांत मिळालें तेवढेंच. हें लक्षांत राहावें म्हणोन लिहिलें, आणि बोरू खालीं ठेविला.